पॅरिसचा झगा, घरचे शिवणयंत्र आणि मधला कागद

पॅरिस, मिलान, लंडन आणि न्यूयॉर्क या चार शहरांत वर्षातून दोनदा मोठे फॅशन शो भरतात. त्यांची छायाचित्रे आपल्याकडे पोहोचली की घरोघरी दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. मुलगी म्हणते, "आई, काय मस्त आहे ना!" आई म्हणते, "हे घालून कुणी बसमध्ये चढेल का?" दोघींचेही खरे आहे. त्या झग्यात काहीतरी मस्त असते आणि तो घालून बसमध्ये चढता येत नाही, हेही तितकेच खरे. या दोन वाक्यांच्या मध्ये एक घडी घातलेला पातळ कागद आहे आणि आजचा आमचा लेख त्या कागदाविषयी आहे.

गेल्या स्नेहसंमेलनात भाड्याने आणलेल्या पोशाखांवर बराच खर्च झाला. त्यानंतर काही पालकांनी आम्हाला विचारले, की शाळेत शिवणवर्ग असताना हे कपडे मुलेच का शिवत नाहीत? विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही हा प्रश्न निघाला आणि त्याला जोडून दुसराही निघाला: आजच्या काळात शिवणवर्ग हवाच कशाला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट दिले तर दुसऱ्याचे आपोआप मिळेल, असे आम्हाला वाटते.

आपल्या शहराला शिवणकाम नवे नाही. महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय वडोदऱ्यात १९१४ साली सुरू झाले आणि आपल्यापैकी कित्येकांच्या आज्या-पणज्या घराबाहेर पडून पहिल्यांदा काही शिकल्या त्या अशा वर्गांतून. मात्र आपल्याकडची पद्धत अशी, की माप घ्यायचे आणि थेट कापडावर खडूने बेतायचे. कागदाचा तयार नमुना विकत आणायचा, ही कल्पना अमेरिकेतली.

एबेनेझर बटरिक हा मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्टर्लिंग या लहान गावातला शिंपी. त्याची पत्नी एलेन मुलाचे कपडे शिवत असताना कुरकुरली, की हे नमुने मुलाच्या मापाचे मिळत असते तर किती श्रम वाचले असते, अशी कथा सांगतात. कथा कितपत खरी ते असो. अडचण मात्र खरी होती. त्या काळी बायकांच्या मासिकांतून नमुने येत, पण ते बहुधा एकाच मापाचे. आपल्या अंगाला ते कसे बसवायचे हे ज्याचे त्याने पाहावे. बटरिकने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. सुरुवात पुरुषांच्या व मुलग्यांच्या कपड्यांपासून झाली, हे आमच्या शिवणवर्गाला 'मुलींचा तास' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. जाड कागदाऐवजी त्याने पातळ टिश्यू कागद वापरला. त्याची घडी लहान होते आणि ती पाकिटात घालून टपालाने धाडता येते. सिंगरच्या शिवणयंत्राला पेटंट मिळाले होते १८५१ साली आणि पुढे काही वर्षांतच ती कंपनी हप्त्याने यंत्रे देऊ लागली होती. घरात यंत्र आणि टपालात नमुना, अशी ही जोडी जमली.

सुरुवातीच्या त्या कागदांवर अक्षरही नसे. नुसती छिद्रे आणि कडेला खाचा. कोणते छिद्र म्हणजे टक्स आणि कोणते म्हणजे कापडाचा उभा धागा, हे सोबतच्या माहितीवरून ओळखायचे. मॅकॉल कंपनीने १९२० च्या सुमारास कागदावर रेषा व सूचना छापायला सुरुवात केली आणि नवशिक्या बाईलाही तो वाचता येऊ लागला. १९२७ साली सिम्प्लिसिटी ही कंपनी निघाली. तिचे नमुने पंधरा सेंटना मिळत. पुढे १९३२ मध्ये 'हॉलिवूड पॅटर्न' नावाचे नमुने आले. पाकिटावर चित्रपटातील नटीचे छायाचित्र आणि किंमत तीच, पंधरा सेंट. मंदीच्या त्या दिवसांत ज्यांना नवा झगा घेणे परवडत नव्हते त्यांनी तो घरी शिवला. हे वाचून आपल्याकडच्या आयांना १९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन' मधली माधुरी दीक्षितची जांभळी साडी आणि तिचे ते ब्लाऊज आठवेल. तेव्हा पाकीट नव्हते, नमुना नव्हता. शिंप्याला चित्र दाखवायचे आणि "असेच" म्हणायचे. ते किती 'असेच' झाले हे ज्याच्या त्याच्या नशिबावर!

चित्र दाखवून शिवणे आणि नमुन्यावरून शिवणे यांतला फरक इथेच आहे. चित्रात कपड्याचे बाह्य रूप दिसते. तो उभा कसा राहतो ते दिसत नाही. नमुन्यात नेमके तेच असते.

पॅरिसच्या फॅशनगृहांनी हे आतले गुपित बरीच वर्षे जपून ठेवले होते. १९४९ मध्ये 'व्होग' च्या नमुना विभागाने त्यांच्याशी रीतसर करार केले आणि 'पॅरिस ओरिजिनल' या नावाने बाल्मां, शियापारेली, लान्व्हां अशा नामांकित घराण्यांचे नमुने विकायला काढले. दोन वर्षांपूर्वीच, फेब्रुवारी १९४७ मध्ये, क्रिस्तियां दिओरच्या बारीक कंबर आणि प्रचंड घेराच्या पोशाखांनी युद्धाने गांजलेल्या युरोपात खळबळ उडवली होती. इंग्लंडात तर कपड्यांचे रेशनिंगच १९४९ पर्यंत चालू होते. अशा काळात पॅरिसमधला अस्सल बेत एखाद्या गावातल्या गृहिणीच्या टेबलावर येऊन पडला, ही साधी गोष्ट नव्हे. पाकिटात एक विणलेले लेबलही मिळे. झगा शिवून झाला की ते मानेमागे आतून लावायचे. यात थोडी मिरवण्याची हौस होती हे कबूल. पण पंधरा दिवस खपून शिवणाऱ्या बाईने तेवढे मिरवले तर बिघडले कुठे?

या मालिकेतला एक नमुना आम्ही शिवणवर्गात मुद्दाम समजावून सांगतो. ईव्ह सां लोरां यांनी १९६५ च्या शरद-हिवाळी संग्रहात पीट माँड्रियन या डच चित्रकाराच्या चित्रांवरून काही झगे केले. चित्रकलेच्या तासाला मुलांनी ही चित्रे पाहिली असतील: पांढरी पार्श्वभूमी, काळ्या जाड आडव्या-उभ्या पट्ट्या, आणि मध्येच लाल, पिवळा किंवा निळा चौकोन. झगा बिनबाह्यांचा, गुडघ्यापर्यंत, खांद्यापासून खाली सरळ उतरणारा. पाहणाऱ्याला वाटते, कापडावर चित्र छापून दोन बाजू शिवल्या, झाले. पण तसे केलेले नव्हते. प्रत्येक रंगाचा तुकडा लोकरी जर्सी कापडाचा वेगळा कापून काळ्या पट्ट्यांना जोडलेला होता.

एवढा खटाटोप कशासाठी? चित्र सपाट असते, शरीर सपाट नसते. छातीला फुगवटा आणि कंबरेला आत वळण द्यायचे तर शिंपी काय करतो? टक्स घालतो, म्हणजे कापडाची पाचर चिमटून शिवून टाकतो. पण पांढऱ्या चौकोनाच्या मधोमध टक्सची रेघ आली तर चित्र बिघडले. म्हणून सां लोरांनी शरीराचा सगळा आकार त्या काळ्या पट्ट्यांच्या शिवणींत लपवला. वरचा तुकडा खालच्या कडेला किंचित कमी-जास्त, पट्टी तिथे जोडली, की फुगवटा आपोआप आला आणि डोळ्याला दिसली ती फक्त काळी रेघ. व्होगने हाच झगा १५५७ क्रमांकाच्या नमुन्यात दिला. तो शिवणाऱ्या बायकांना पॅरिसला न जाता हे कळले, की शिवण ही नुसती जोड नसते, तिच्यात आकार लपवता येतो. बाजारात या झग्याच्या स्वस्त नकलाही झपाट्याने आल्या. त्या विकत घेणाऱ्यांना झगा मिळाला. नमुना घेणाऱ्यांना झगा आणि विद्या दोन्ही मिळाले.

आपल्या कटोरी ब्लाऊजमध्येही हेच तत्त्व आहे, हे सांगितले की मुलींचे डोळे मोठे होतात. कटोरीची गोल शिवण म्हणजे टक्सच, जोडणीत जिरवलेला.

आता मुख्य मुद्दा. रॅम्पवरचा कपडा जसाच्या तसा कागदावर उतरवला तर तो घरी उपयोगाचा नसतो. नमुना करणारे लोक मधल्या मध्ये बरेच बदल करतात आणि रोजच्या वापराचे रहस्य त्या बदलांत आहे.

पहिला बदल मापाचा. रॅम्पवर चालणाऱ्या मुली बहुधा पावणेसहा फुटांहून उंच आणि अंगाने अगदी सडपातळ असतात. कपडा त्या एकाच मापाचा केलेला असतो. नमुन्यात तो लहानापासून मोठ्यापर्यंत मापांत वाढवला जातो. ही वाढ नुसती फुगवून होत नाही. छाती दोन इंचांनी वाढली म्हणून खांदा दोन इंचांनी वाढत नाही. खांदा थोडाच वाढतो, मुंढा थोडा खाली जातो, गळा जवळजवळ तसाच राहतो. गणिताच्या शिक्षकांना आमची विनंती आहे, की प्रमाण शिकवताना एखादा असा नमुना वर्गात न्यावा.

मापाच्या क्रमांकाविषयी मुलींना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. अमेरिकन नमुन्यांवरील १२ क्रमांक म्हणजे छाती ३४, कंबर साडेसव्वीस आणि सीट ३६ इंच. १४ क्रमांक म्हणजे ३६, २८ आणि ३८. तिथल्या दुकानातल्या तयार कपड्यांवरचा १२ मात्र यापेक्षा बराच मोठा असतो, कारण गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून दुकानदारांनी वर्षानुवर्षे मोठ्या कपड्यांवर लहान आकडे लावले. आपल्याकडच्या तयार कपड्यांचीही तऱ्हा वेगळी नाही. एका दुकानातला 'मीडियम' होतो, दुसऱ्यातला होत नाही, आणि मुलगी घरी येऊन आरशासमोर हिरमुसते. दोष तिच्या शरीराचा नसतो, आकड्याचा असतो. टेपवर दिसेल ते माप खरे. बाकी सगळी दुकानदारी.

दुसरा बदल सैलपणाचा. मापाइतकाच कपडा शिवला तर श्वास घेता येणार नाही, हात वर करता येणार नाही. म्हणून नमुन्यात मापाहून जास्त जागा सोडलेली असते. या कंपन्यांच्या हिशेबात अंगाला बेताचा बसणारा झगा छातीला मापापेक्षा तीन ते चार इंच मोठा असतो. सैल म्हटलेला पाच ते आठ इंच मोठा. रॅम्पवरच्या मुलीला पन्नास पावले चालायचे असते. आपल्याला जिना चढायचा असतो, स्कूटरवर बसायचे असते, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचे असते. ती तीन-चार इंचांची जागा म्हणजे रॅम्प आणि रोजचा दिवस यांतले अंतर आहे.

तिसरा बदल आतल्या बांधणीचा. पॅरिसच्या उंची झग्याच्या आत आणखी एक झगा असतो म्हणायला हरकत नाही: कडक पट्ट्या, जाळी, अस्तराचे थर, कडेला वजनासाठी बारीक साखळी, आणि तासन्‌तास हाताने घातलेले टाके. नमुन्यात यातले जेवढे यंत्रावर जमेल तेवढेच ठेवतात. काही बाबतीत यामुळे कपड्याचा डौल कमी होतो, हे मान्य केले पाहिजे. पण तो धुता येतो, इस्त्री करता येतो आणि उन्हाळ्यात घालता येतो. वडोदऱ्याच्या मे महिन्यात याचे मोल पुन्हा सांगायला नको.

चौथा बदल आम्हाला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पाकिटावर एकाच कपड्याची दोन-तीन रूपे काढलेली असतात. 'अ' मध्ये लांबी जमिनीपर्यंत, पाठ उघडी. 'ब' मध्ये लांबी गुडघ्याखाली, बाही कोपरापर्यंत. 'क' मध्ये नुसता वरचा भाग, म्हणजे आपल्या भाषेत कुर्ती. कागद तोच, रेषा वेगळी. म्हणजे जिला लग्नाला घालायचे तिने 'अ' कापावे, जिला शाळेत शिकवायला यायचे तिने 'क'. आई आणि मुलगी यांच्यातला तो पहिल्या परिच्छेदातला वाद त्या एका पाकिटात मिटू शकतो.

काही बेत मुळातच रोजच्यासाठी असतात आणि ते घरी अधिक छान जमतात. डायान फॉन फुर्स्टनबर्ग यांनी १९७४ मध्ये आणलेला गुंडाळून बांधायचा झगा यातलाच. जर्सी कापड, पुढचे दोन भाग एकावर एक आणि कंबरेला बंद. चेन नाही, बटण नाही, काज नाही. व्होगने त्याच दशकात त्याचेही नमुने काढले आणि ते खूप शिवले गेले. बंद सैल-घट्ट करता येत असल्याने माप दोन इंच इकडे-तिकडे झाले तरी चालते. नव्याने शिवणाऱ्याला एवढी सवलत दुसरा कोणता कपडा देईल? आपल्या अंगरख्याची युक्ती हीच. पण अंगरखा सुती, धागा न ताणणारा, जर्सी ताणते. म्हणून जर्सी शिवताना यंत्राला बोथट टोकाची सुई लावावी, नाहीतर टीप मध्येच सुटते.

याउलट मादलेन व्हिओने या फ्रेंच बाईंचे १९२० आणि ३० च्या दशकांतले झगे. त्या कापड उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर, कापत. तिरके कापड अंगावरून पाण्यासारखे उतरते, पण कापड जास्त लागते, कडा ओढल्या जातात आणि शिवून झाल्यावर एक दिवस टांगून ठेवून मगच खालची कड दुमडावी लागते, कारण तिरका भाग स्वतःच्या वजनाने लांबतो. असा बेत नवशिक्यांनी घेऊ नये. गळ्याला उरेब पट्टी लावता आली तरी पहिल्या वर्षाला पुष्कळ.

जर्मनीचे उदाहरणही थोडक्यात सांगण्याजोगे आहे. ऑफनबुर्ग गावच्या एने बुर्डा यांनी जानेवारी १९५० मध्ये 'बुर्डा मोडेन' हे मासिक काढले आणि १९५२ पासून त्यासोबत नमुन्याचा मोठा कागद देऊ लागल्या. एकाच कागदावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींवर छापलेल्या असतात. आपली रेषा शोधून दुसऱ्या पातळ कागदावर उतरवून घ्यायची आणि भोवती शिवणीची माया स्वतः वाढवायची. पहिल्यांदा तो कागद पाहिला की रेल्वेच्या रुळांचे जाळे पाहिल्यासारखे होते. १९८७ मध्ये हेच मासिक सोव्हिएत रशियात रशियन भाषेत निघाले. तिथे असे पाश्चात्त्य मासिक तोवर निघालेले नव्हते. दुकानात चांगला कपडा मिळण्याची मारामार असलेल्या त्या देशात त्या कागदाची काय किंमत झाली असेल, याची कल्पना करावी.

अलीकडे काही नामवंतांनी आपले नमुने स्वतःहून खुले केले. निक नाइट यांच्या लंडनमधील शोस्टुडिओने २००० नंतरच्या दशकात अलेक्झांडर मॅक्वीन, जॉन गॅलियानो यांच्या कपड्यांचे नमुने सर्वांसाठी दिले. २०२० च्या टाळेबंदीत जे. डब्ल्यू. अँडरसन या घराण्याने, गायक हॅरी स्टाइल्सने घातलेल्या रंगीत चौकोनांच्या स्वेटरचा नमुना मोफत दिला, कारण जगभर मुले-मुली तो पाहून विणत बसल्या होत्या. ते विणकाम, शिवण नव्हे. पण आमच्या वर्गातल्या सुया घेऊन बसणाऱ्यांना ही बातमी आवडेल.

"ही नक्कलच नाही का?" असे एका पालकांनी विचारले होते. करारावर नमुना निघाला तर कल्पकाला त्याचा मोबदला मिळालेला असतो. चोरून काढलेल्या नकलेत तो मिळत नाही, आणि ती शिवणाऱ्या कामगारालाही बहुधा पुरेसा मिळत नाही. स्वतःसाठी शिवणाऱ्याने दुसऱ्याच्या कामातून शिकावे, विकायला मात्र दुसऱ्याचा बेत आपला म्हणून काढू नये, एवढा विवेक पुरे, असे आमचे मत आहे.

मंगळबाजारात किंवा नव्या बाजारात ही परदेशी पाकिटे सहसा मिळत नाहीत. त्यामुळे आपले काही अडत नाही. आपली खडूची पद्धत एका बाबतीत त्या पाकिटापेक्षा सरस आहे: ती समोरच्या माणसाच्या मापाने सुरू होते. पाकीट सुरू होते एका कल्पित बाईपासून, जिची उंची साधारण पाच फूट पाच-सहा इंच धरलेली असते. आपल्या मुलगी पाच फूट एक इंच असेल तर चार इंच कमी करायचे. आणि तेही सगळे खालून कापून नव्हे. नमुन्यावर कंबरेच्या वर आणि खाली दोन समांतर रेषा छापलेल्या असतात, तिथे घडी घालून थोडे वरून, थोडे खालून कमी करायचे, नाहीतर कंबर भलतीकडेच येते. म्हणून आम्ही वर्गात दोन्ही पद्धतींची सांगड घालतो. आपल्या मापाचा साधा कुर्तीचा नमुना एकदा वर्तमानपत्राच्या कागदावर बेतायचा, मांजरपाटावर कापून, धावदोऱ्याने जोडून अंगावर घालून पाहायचा आणि दुरुस्त करायचा. तो नीट बसला की तो झाला पाया. पुढची प्रत्येक फॅशन त्या पायावर करायची.

उदाहरण बाहीचे घेऊ. २०२० च्या आगेमागे रॅम्पवर फुगीर बाह्यांची लाट आली. घरातल्या आज्या हसल्या, कारण फुग्याच्या बाह्यांची ब्लाऊजे त्यांच्या फोटोंच्या अल्बममध्ये आहेतच. रॅम्पवरची बाही एवढी मोठी, की दारातून आत येताना आडवे व्हावे लागेल. ती रोजची कशी करायची? आपल्या साध्या बाहीचा कागद घ्या. समजा तो ३२ सेंटिमीटर रुंद आहे. त्यावर वरपासून खालपर्यंत पाच उभ्या रेषा आखून कापा. दुसऱ्या कागदावर या सहा पट्ट्या क्रमाने मांडा आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये ३ सेंटिमीटर फट ठेवून चिकटवा. पाच फटींचे १५ सेंटिमीटर झाले. बाही ४७ सेंटिमीटर रुंद, म्हणजे साधारण दीडपट. वरचा गोल दोन-तीन सेंटिमीटर उंच करून पुन्हा रेखा. शिवताना वर आणि खाली चुण्या घालून जुन्या मुंढ्यात बसवा. रॅम्पवर हे प्रमाण दुप्पट-तिप्पट असते. दीडपटीत फुगा दिसतो आणि स्वेटरही अंगात जातो. फट फक्त वरच्या बाजूला उघडली आणि खाली टेकवून ठेवली, तर खांद्याशी फुगा आणि दंडाशी घट्ट अशी बाही मिळेल. मुलांनी वहीच्या कागदाची छोटी बाही कापून हे करून पाहावे, वाचून कळत नाही.

घेराचेही असेच. पूर्ण गोल घेराचा स्कर्ट गिरकी घेताना फार सुंदर दिसतो; नवरात्रात आपण घेरदार घागरे पाहतोच. कंबर ६६ सेंटिमीटर असेल तर मधल्या वर्तुळाची त्रिज्या ६६ भागिले दोन पाय, म्हणजे साडेदहा सेंटिमीटर. लांबी ६० आणि दुमडीला २ धरली तर बाहेरची त्रिज्या साडेबहात्तर. ११२ सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडात हे वर्तुळ मावत नाही, दोन अर्ध्या भागांत कापावे लागते आणि सुमारे २ मीटर ९० सेंटिमीटर कापड लागते. तेच अर्धगोल केले तर? मधली त्रिज्या दुप्पट, म्हणजे २१, बाहेरची ८३. कापड १ मीटर ६६ सेंटिमीटर पुरते आणि एकच शिवण येते. कंबरेच्या व बाजूच्या मायेसाठी थोडे जादा घ्यावे. पहिल्याचा खालचा घेर जवळजवळ साडेचार मीटर, दुसऱ्याचा अडीच. गिरकी थोडी कमी येईल, पण सायकलच्या चाकात अडकणार नाही. आठवीच्या विद्यार्थ्यांनी हे आकडे स्वतः तपासावेत. पायचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी हा गृहपाठ आहे.

चित्रावरून बेत ठरवताना आम्ही मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: यातले नेमके काय आवडले? रंग, बाही, गळा, घेर, की कापडाची झळाळी? रॅम्पवरच्या कपड्यात हे सगळे एकदम टोकाला नेलेले असते. त्यातली एक गोष्ट ठेवावी आणि बाकी साधे करावे. फुगीर बाही घेतली तर कापड साधे सुती आणि गळा गोल. माँड्रियनसारखे चौकोन आवडले तर घाट साधा सरळ. दोन गोष्टी एकदम घेतल्या तर स्नेहसंमेलनापुरते ठीक. तीन घेतल्या तर तो कपडा कपाटातच राहतो. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, वर्गात कापड वाया जाता जाता तयार झालेला आहे.

विश्वस्तांना एक हिशेब सांगणे आवश्यक आहे. कागदी नमुना एकदा केला की तो वीस वेळा वापरता येतो. समूहनृत्यासाठी बारा मुलींचे पोशाख करायचे तर बारा वेळा बेतावे लागत नाही. तीन-चार मापांचे नमुने पुरतात आणि कापड एकावर एक थर घालून एकदम कापता येते. भाड्याचा पोशाख दुसऱ्या दिवशी परत जातो. हा पोशाख शाळेत राहतो आणि पुढच्या वर्षी बाही बदलून पुन्हा मंचावर येतो. शिवणवर्गातील यंत्रांपैकी काही दुरुस्तीला आली आहेत. पट्टा, सुई आणि तेल यांपलीकडे त्यांना फारसे काही लागेल असे वाटत नाही.

या वर्षीपासून शिवणवर्गात नमुन्यांची एक पेटी ठेवली आहे. प्रत्येक नमुना तपकिरी लिफाफ्यात असेल. लिफाफ्यावर छाती, कंबर, सीट आणि उंची ही मापे, माया धरली आहे की नाही हे, आणि किती पन्ह्याचे किती कापड लागते ते लिहिलेले असेल. कापड शिवण्यापूर्वी भिजवून, वाळवून, इस्त्री करून आणावे. सुती कापड आटते. घरी कुणाकडे जुन्या मासिकांतील नमुने किंवा आजीने जपून ठेवलेले कागद असतील तर ते काही दिवसांसाठी शाळेत द्यावेत. आम्ही ते उतरवून घेऊ आणि मूळ कागद जसेच्या तसे परत करू. त्यावर छिद्रे आणि खाचाच असतील, अक्षर नसेल, तरी आणा. तसे कागद वाचायला आम्हाला जास्त आवडेल.